आधी वापसी

मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी पेशकारांनी मला पहिला प्रश्न विचारला तो हा, की रिटायर कधी होणार. मी तेव्हा विशीत होते. नवी साडी आवरत टाइपरायटरसमोर नुकती कुठं टेकले होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला कचेरीत बाई आलेली खपत नाही. त्यांनी माझी जन्मतारीख विचारली, बोटांच्या पेरांवर काहीतरी हिशेब केला आणि त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "ऐन उन्हाळ्यात सुटशील बेटा, पावसाच्या आत घरी. कर आता निवांत काम."

पेशकार हे त्यांचं नाव नव्हे. निजामाच्या अमलात तहसिलीत साहेबासमोर कागद ठेवणाऱ्या कारकुनाला पेशकार म्हणत, आणि ते त्या कामावर पोरवयातच लागले होते. पुढं पोलीस ॲक्शन झाली, दफ्तरातली उर्दू जाऊन मराठी आली, पदांची नावं बदलली आणि हे अव्वल कारकून झाले. पण औरंगाबादेतल्या आमच्या कचेरीत साहेबापासून चपराशापर्यंत सगळे त्यांना पेशकारच म्हणत. शिक्षण सगळं उर्दूतून झालेलं. त्यामुळं परत येण्याला ते वापसी म्हणायचे, आणि हा एक शब्द त्यांच्या तोंडात दिवसभर असायचा.

लग्नाला गेले की मांडवाच्या दारात चपला बाहेर तोंड करून काढायच्या, आधी वापसीचा टांगा ठरवायचा, मग अक्षता हातात घ्यायच्या. सिनेमाला गेले की पडद्याकडं बघायच्या आधी दारं बघायची. फाईल आली की शेवटचं पान पहिल्यांदा. साहेब त्यांना दौऱ्यावर न्यायचं टाळत, कारण जीप सुरू व्हायच्या आत हे येताना पेट्रोल कुठं भरायचं ते विचारत. लग्न ठरल्याचे पेढे वाटणाऱ्यांना त्यांनी कधी काही विचारलं नाही, हे त्या पोरांचं नशीब. असं का, यावर कचेरीत बरेच तर्क चालायचे. मी एकदा सरळ विचारलं. तर म्हणाले, "जायला काय लागतंय? पाय उचलला की माणूस गेलं. यायला अक्कल लागती."

आणि या माणसाच्या हातात आमच्या वर्षातल्या सगळ्यात आनंदाच्या दिवसाचं नियोजन होतं.

भादव्यात पाऊस हात आखडता घ्यायला लागला की आमची कचेरी एका रविवारी धबधब्याला जायची. कन्नड तालुक्यात पिशोर म्हणून मोठं गाव आहे, तिथवर एसटीनं. तिथून माळ तुडवत सागाच्या रानात शिरायचं. रान संपतं तिथं डोंगराची कड येते. कडेवरून एक पायवाट खाली घळीत उतरते आणि घळीच्या पोटात तो पडतो. देऊळ नाही, जत्रा नाही, म्हणून माणूसही नाही. गुराखी सोडले तर कुणाला ठाऊकही नव्हता. आम्ही त्याला नुसता 'आपला' म्हणायचो. चाल फार अवघड नाही, पण गंमत अशी की जाताना सगळा उतार आणि येताना सगळा चढ. पेशकारांना धबधबा का आवडायचा त्याचं कारण मला वाटतं हेच असावं. तिथं त्यांचं म्हणणं खरं ठरायचं.

श्रावण लागला की जेवणाच्या सुट्टीत बेत सुरू व्हायचा, आणि तो शेपटाकडून सुरू व्हायचा. पहिला प्रश्न ठरलेला असे: घरी पोचल्यावर पायांवर गरम पाणी कोण घालणार? प्रत्येकानं माणूस सांगायचा. खोली करून राहणाऱ्या पोरांची पंचाईत व्हायची, त्यांना घरमालकिणीला मस्का मारून नाव मिळवावं लागे. मग पिशोरहून निघणारी शेवटची गाडी. मग पिशोरला पेशकारांच्या बहिणीकडं, आक्कांकडं, संध्याकाळचं जेवण. मग चढ, चढावर कोण पुढं, कोण मागं, सावली कुठं मिळेल. असं मागं मागं सरकत बेत धबधब्यापाशी यायचा तोवर घंटा व्हायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम पाण्यापासून सुरुवात. महिनाभर आम्ही हेच बोलायचो आणि महिनाभर आमचे पाय जमिनीवर नसायचे. मी एका सरकारी पत्रात 'वरील विषयान्वये' ऐवजी 'वरील धबधब्यान्वये' टाइप केलं होतं. साहेबांनी सही करताना नुसतं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "गाडी कितीची आहे परतीची?"

माझ्या पहिल्या वर्षी या पद्धतीची फळं आम्ही चाखली. वापसी अशी ठरली होती की तिला कुठं फट नव्हती. जायचं मात्र कुणीच ठरवलं नव्हतं. पहाटे स्टँडवर पोचलो तर समोर 'पिशोर' अशी पाटी लावलेली गाडी उभी. आमच्यातला मोजणीदार, लांब टांगांचा आणि तितक्याच लांब जिभेचा, त्यानं ओरडून जागा धरल्या. आम्ही गाणी म्हणत बसलो. छावणीपर्यंत रस्ता तोच असल्यानं कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. छावणीत पेशकारांचं घर रस्त्याला लागूनच. तिथं त्यांची बायको, आमच्या काकू, दरवर्षी धपाट्यांचा डबा घेऊन उभ्या राहायच्या. ड्रायव्हर जरा हळू करायचा, खिडकीतून डबा आत यायचा आणि गाडी पुढं जायची. त्या दिवशीही डबा आला. मग गर्दीतून वाट काढत कंडक्टर आमच्यापर्यंत पोचला तेव्हा वाळूजही मागं पडलं होतं. तो म्हणाला, गाडी पिशोरहून आलीय, पाटी फिरवायची राहिली. चालली गंगापूरला.

गंगापूर म्हणजे साफ उलट्या अंगाला. उसाची आणि कापसाची सपाट शेतं, डोंगर औषधाला नाही. तिथल्या स्टँडवर आम्ही उतरलो तेव्हा मोजणीदार कुणाच्या नजरेला नजर देईना. मला तर रडू यायचं बाकी होतं. पेशकार अगदी शांत. म्हणाले, "वापसीचं सगळं जागेवर हाय. आक्कानं चूल पेटवली असंल. चला." आणि आम्ही गंगापूरहून औरंगाबाद, औरंगाबादहून पिशोर असं धक्के खात संध्याकाळी आक्कांच्या ओसरीवर पोचलो. गरम भाकरी, पिठलं, ठेचा, सगळं बेताप्रमाणं. आक्कांनी वाढता वाढता विचारलं, कसा होता धबधबा. पेशकार भाकरी मोडत म्हणाले, "औंदा पाणी लई." शेवटची गाडी ठरल्या वेळेला मिळाली. घरी मामींनी माझ्या पायांवर गरम पाणी घातलं. मी छावणीतच मामांकडं राहायचे. पायांना काहीही झालेलं नव्हतं, पण पाणी घालून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला हाक मारून घरात घेतलं. त्यांना म्हणे गाडी नगरच्या रस्त्याला वळताना दिसली होती. वाटलं, यांनी या वर्षी वापसीसाठी काही नवीन काढलं असेल. मी सगळा प्रकार सांगितला तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना धाप लागली आणि मी पाणी आणायला धावले.

काकूंना दमा होता. त्या मूळच्या गंगापूरकडच्या, गोदावरीच्या काठच्या. आमची ओळख वाढली ती दुसऱ्या वर्षी, मी धबधबा खरोखर बघून आल्यावर. त्यांनी मला समोर बसवून घेतलं आणि विचारायला लागल्या. पाणी पडतं तेव्हा एकसारखं पडतं का तुटून तुटून? जवळ गेलं की बोललेलं ऐकू येतं का? अंगावर येतं का? मी म्हटलं, पेशकारसाहेब सांगत नाहीत का तुम्हाला? तर म्हणाल्या, "ते सांगत्यात गाडी टायमाला आली. दरवर्षी तेवढंच." मग म्हणाल्या, "आमच्याकडं पाणी लई, पण सगळं आडवं. उभं पाणी मी कधी बघितलेलंच नाय गं."

त्यांना एकदा जायचं होतं. बस, एवढंच हवं होतं त्यांना. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याकडं काही मागितल्याचं मला तरी ठाऊक नाही, पण हे त्या दर वर्षी मागत होत्या आणि दर वर्षी उत्तर एकच मिळत होतं, की तुझी वापसी बसत नाही. याला मी आधी नवरेपणा समजले आणि मनातल्या मनात पेशकारांवर चिडलेही. मग काकूंनीच सांगितलं. काही वर्षांपूर्वी एका लग्नात माडीवरच्या पंगतीला जाताना जिन्याच्या मध्यावर त्यांचा श्वास अडकला होता. ओठ निळे पडले, वर जाता येईना, खाली उतरता येईना. पेशकार दोन पायऱ्या खाली उभे होते आणि त्यांना काय करावं ते सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून ते घरातला उंबरासुद्धा त्यांना हात धरून ओलांडायला लावत.

माझ्या डोक्यात तेव्हा एक किडा वळवळला आणि तो काही केल्या बसेना. गोगाबाबाची टेकडी छावणीपासून लांब नाही. मी काकूंना म्हटलं, रविवारी सकाळी देवळाला जाते म्हणून निघा, आपण टेकडीला जाऊ. पहिल्या दिवशी पाव टेकडीवरच त्या खाली बसल्या. पण हळूहळू त्यांना त्यांची चाल सापडली. त्या चालताना अखंड बोलायच्या. बोलणं तुटायला लागलं की थांबायचं, बोलता यायला लागलं की निघायचं. त्यापायी मला गंगापूरची सगळी भावकी पाठ झाली, कोणी कोणाची म्हैस नेली इथपर्यंत. पुढच्या श्रावणात एका रविवारी आम्ही टेकडीच्या माथ्यावर उभ्या होतो आणि काकू एका चुलत जावेच्या खोडीबद्दल बोलतच होत्या. खाली सगळं शहर, दरवाजे, छावणीचे बंगले. मला तिथं नाचावंसं वाटत होतं. काकू म्हणाल्या, "आता तू बोल त्यांच्याशी."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बेत सुरूच होता. पेशकारांनी एकेकाला गरम पाण्याचं विचारलं. स्वतःचं सांगताना नेहमीसारखं म्हणाले, आमची घरची. मी म्हटलं, "पेशकारसाहेब, औंदा काकू आपल्यासोबत असतील. मग पाणी कोण घालणार?" मी टेकडीचं सगळं सांगून टाकलं. मोजणीदाराचा घास हातात राहिला. पेशकार रागावतील म्हणून मी टाइपरायटरच्या आडोशाला सरकले, पण ते रागावले नाहीत. डबा बंद करून झाकणावर हात ठेवून बसले. मग इतक्या हळू बोलले की मलाच ऐकू आलं असावं.

"ती घरी असती म्हणून मी माघारी येतो, बेटा. तीच संग आली तर यायचं कुणाकडं?"

मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार वाटलं. पण तोंडाला आवर घालणं मला कधी जमलेलं नाही. मी म्हटलं, "दोघं मिळून कुलूप उघडायचं आणि आत जायचं. बाकीची माणसं तसंच करतात."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. उठून हात धुवून आले. आणि खुर्चीत बसता बसता मोजणीदाराला म्हणाले, "त्या चढावर सपाट दगड कुठं कुठं हायेत रे?"

त्यानंतरचे दिवस मला आजही आठवले की अंगात वारं भरतं. कचेरी वेडी झाली होती. मोजणीदार आदल्या रविवारी जाऊन चढ बघून आला आणि कागदावर न काढता हातवाऱ्यांनी टेबलावर उभा करून दाखवला. इथं दगड, इथं अंजनाचं झाड, इथं ओल. डॉक्टरांना मी आणि काकू जाऊन भेटलो. ते आधी नाही म्हणाले, मग टेकडीचं ऐकून छाती दोनदा तपासली आणि म्हणाले, बोलत राहा. साहेबांनी स्वतःचा थर्मास दिला. आणि पेशकारांनी त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी वापसी रचली. तिचा कळस म्हणजे आक्कांच्या घरची बाज. काकूंना चढ झेपला नाही तर उचलून आणायला म्हणून बाज डोंगराच्या कडेपर्यंत सोबत न्यायची आणि तिथं ठेवायची.

जायचं मात्र या वेळी मी ठरवलं. पाटी वाचून, ड्रायव्हरला विचारून आणि कंडक्टरकडून शपथ घेऊन मगच सगळ्यांना गाडीत चढू दिलं. छावणीत गाडी हळू झाली तेव्हा काकू डबा घेऊन उभ्या होत्या, पण या वेळी डबा खिडकीतून आला नाही. काकू दारातून आल्या. पायांत नवे कॅनव्हासचे बूट, नऊवारी जरा वर खोचलेली. सगळ्या गाडीनं वळून बघितलं. पेशकारांनी त्यांच्यासाठी दाराजवळची जागा धरून ठेवली होती, हे सांगायला नको.

पिशोरहून माळावर निघालो तेव्हा आमची वरात बघण्यासारखी होती. पुढं चौघांच्या खांद्यावर रिकामी बाज, मागं मान खाली घालून वाट बघत चालणारे पेशकार, त्यांच्यामागं आम्ही. समोरून शेरडं घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्यानं बाज बघितली, वाटेतून बाजूला झाला, डोक्याचं मुंडासं काढलं आणि हात जोडले. विचारलं, कोण गेलं म्हणून. पेशकारांचा चेहरा पांढरा पडला. काकू मागून पुढं आल्या आणि म्हणाल्या, "अजून कुणी नाय गेलं बाबा. मलाच आणायला हाय ती, पण जिती." म्हातारा चक्रावला, आम्ही हसून हसून माळावर बसलो. पेशकार हसले नाहीत. त्यांनी बाजेवर एक चादर अंथरायला लावली, म्हणजे ती जरा झोपायच्या बाजेसारखी दिसेल.

उतरणं निभलं. घळीत शेवटचं वळण घेतलं आणि काकूंचं बोलणं बंद झालं. मी दचकून बघितलं तर श्वास ठीक होता. त्या बघत होत्या. वरून एवढी धार खाली येत होती, खाली डोहात फुटत होती, आणि तुषार आमच्या तोंडापर्यंत. रानात दुसरा आवाज नाही. काकू पुढं गेल्या, बुटांसकट पाण्याच्या कडेला एका खडकावर बसल्या आणि हात पुढं करून त्यांनी तळव्यावर तुषार घेतले. बराच वेळ त्या तशाच होत्या. मला वाटतं त्या रडत होत्या, पण तिथं सगळ्यांचेच चेहरे ओले होते.

मग त्यांनी मागं वळून बघितलं. पेशकार आमच्याकडं पाठ करून, चढाकडं तोंड करून एका दगडावर बसले होते. नजर वर ढगांवर, मग वाटेवर, मग पुन्हा ढगांवर. आम्हाला यात काही नवल नव्हतं. ते दरवर्षी तिथं असेच बसायचे. काकूंना मात्र ते त्या दिवशी कळलं, की इतकी वर्षं हा माणूस धबधब्याला येतो आणि त्यानं धबधबा बघितलेलाच नाही. म्हणून घरी येऊन सांगायला त्याच्याजवळ गाडीशिवाय काही नसायचं.

त्या उठल्या, त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, इकडं तोंड करा."

"ढग येतायत," ते म्हणाले.

"येऊ द्या. इकडं बघा."

ते वळले. चष्म्यावर लगेच पाणी बसलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, लावला, पुन्हा भिजला, मग काढूनच ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना किती दिसत होतं कोण जाणे. दोघं खडकावर शेजारी शेजारी बसले. निघायची वेळ झाली. मोजणीदार खाकरला. पेशकारांनी हात हलवून त्याला बस म्हणून खुणावलं. नंतर आणखी एकदा तो खाकरला तेव्हा त्यांनी हातही हलवला नाही.

आम्ही निघालो तेव्हा उशीर झालेला होता. सपाट दगड, अंजनाची सावली, काही बेताप्रमाणं राहिलं नाही. मी काकूंच्या पुढं, पेशकार मागं. काकू बोलत होत्या, थांबत होत्या, बोलत होत्या. आणि कड हाकेच्या अंतरावर आली असताना, सगळ्यात खड्या जागी, त्यांचं बोलणं मध्येच तुटलं. त्या एका झाडाला धरून उभ्या राहिल्या. डोळे मिटलेले. आधीच कडेवर पोचलेली पोरं बाज घेऊन खाली निघालेली मला दिसली. मी मागं बघितलं. पेशकार अगदी त्या जिन्यावर असतील तसे दोन पावलं खाली उभे होते. पण या वेळी ते वर आले आणि त्यांनी काकूंच्या पाठीवर हात ठेवला. पोरं बाज घेऊन आहेत तिथंच थांबली. काकूंचे खांदे वर खाली होत होते. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता सांगत नाही.

मग खांदे हळूहळू शांत झाले. काकूंनी डोळे उघडले, झाड सोडलं, आणि पदरानं तोंड पुसत पोरांना हातानंच मागं फिरवलं. म्हणाल्या, "आम्ही पुढल्या वर्षी पुन्हा येणार."

आता हा माणूस वापसीची कोणती गाडी म्हणून विचारणार, याबद्दल मला शंकाच नव्हती.

पेशकारांनी त्यांच्या पाठीवरचा हात काढला नाही. त्यांनी विचारलं, "मग सकाळी निघायचं किती वाजता?"